एक रायफल, तीन मोठी जनावरं : काडतूस आणि लोड निवडीच्या नोंदी

६ जानेवारी

काम आज वहीत घेतलं. एक रायफल, एक काडतूस आणि जमलं तर एकच लोड (गोळी आणि दारू यांची ठरलेली जोडी). त्यात वापिटी (उत्तर अमेरिकेतलं मोठं हरीण), मूस (त्याहूनही मोठं, थंड प्रदेशातलं हरीण) आणि इलंड (आफ्रिकेतलं काळविटाच्या कुळातलं मोठं जनावर) ही तिन्ही बसायला हवीत. वापिटीचा नर ३०० किलोंच्या पुढे असतो, मूस ४०० ते ६००, आणि इलंडचा मोठा नर ९०० च्या आसपास जातो. केप बफेलो, हत्ती वगैरे यादीत नाहीत, त्यामुळे आफ्रिकेतल्या बऱ्याच देशांत त्यांच्यासाठी असलेली .३७५ इंच व्यासाची किमान अट आपल्याला लागू नाही. परवाने आणि हंगाम ज्या त्या देशाच्या नियमानं. तो भाग या वहीत नाही.

रायफल मी आणि ताई दोघंही वापरणार. ती माझ्यापेक्षा वजनानं कमी आणि नेमबाजीत सरस. ही अट पहिल्याच पानावर लिहून ठेवतोय, कारण काडतुसांच्या गप्पा रंगल्या की खांद्याचा विषय कुणी काढत नाही.

अंतराची मर्यादा ३०० मीटर. त्यापुढे जनावराचं एक पाऊलसुद्धा हिशेब बिघडवतं : गोळी पोचायला अर्ध्या सेकंदाच्या आत-बाहेर वेळ लागतो आणि तेवढ्यात फुप्फुसाच्या जागी पोट येतं.

१४ जानेवारी

सुरुवात नियमांपासून केली. ते पाळायचे आहेतच, पण ते लिहिणाऱ्यांनी विचार काय केला असेल हे बघायला मजा येते.

स्वीडनमध्ये मूससारख्या मोठ्या जनावरासाठी गोळी किमान ९ ग्रॅमची लागते. ९ ते १० ग्रॅममध्ये असेल तर १०० मीटरवर २७०० जूल ऊर्जा शिल्लक हवी. १० ग्रॅम किंवा जास्त असेल तर २००० जूल पुरतात. नॉर्वेची अट जवळपास अशीच, फक्त जड गोळीला तिथे २२०० जूल.

म्हणजे गोळी जड झाली की कायदा ऊर्जेत सूट देतो. उगाच नाही. ६.५×५५ घ्या (गोळीचा व्यास आणि काडतुसाच्या पुंगळीची लांबी, मिमीमध्ये). १४० ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) गोळी म्हणजे जेमतेम ९.०७ ग्रॅम. ती ८०० मीटर/सेकंदाच्या आसपास सुटली तर १०० मीटरवर साधारण २५०० जूल उरतात, म्हणजे अटीत नापास. त्याच काडतुसातली १५६ ग्रेनची जाड, हळू गोळी १०.१ ग्रॅमची, तिला २००० जूल हवेत आणि ती ते आरामात देते. तिकडचे लोक शंभर वर्षांहून जास्त काळ या काडतुसानं मूस मारतायत, त्यात लांब जड गोळीचा वाटा मोठा आहे. काडतूस तेच, गोळी बदलली की निकाल बदलला. हे वाक्य अधोरेखित करून ठेवलं.

२० जानेवारी

यादी सहावर आणली :

६.५×५५, १८९४ पासून सैन्यात.
.३०-०६, १९०६.
.३०८ विंचेस्टर, १९५२.
.३०० विन मॅग (विंचेस्टर मॅग्नम), १९६३.
९.३×६२, बर्लिनच्या ओटो बॉकनं १९०५ मध्ये माउझर ९८ साठी केलेलं.
.३७५ एच अँड एच (हॉलंड अँड हॉलंड), १९१२.

.२७० आणि ७×५७ वगळली. दोन्हींविषयी तक्रार नाही. पण ७×५७ चं नाव निघालं की कुणीतरी बेलचे हत्ती काढतंच. डब्ल्यू. डी. एम. बेल या जुन्या हत्ती-शिकाऱ्यानं या काडतुसानं हत्ती मारले हे खरं. मात्र न फुलणाऱ्या (अंगात शिरल्यावर न पसरणाऱ्या) लांब गोळ्यांनी, जवळून, कवटीत नेमकी मेंदूची जागा साधून. ती त्या माणसाची शरीररचनेची समज होती. ७ मिमी पुरते याचा तो पुरावा नाही.

२ फेब्रुवारी

आज आकडेमोड. १८० ग्रेनची गोळी .३०-०६ मधून ८२३ मीटर/सेकंदानं निघाली तर नळीच्या तोंडाशी साधारण ३९५० जूल. ३०० ग्रेनची .३७५ मधून ७७१ नं निघाली तर ५७८० च्या घरात.

पण ऊर्जा जनावराच्या अंगात नक्की काय करते? जनावर पडतं ते फुप्फुसं किंवा हृदय फाटून रक्तदाब कोसळतो म्हणून, नाहीतर मेंदू-मणक्याला इजा होते म्हणून. जूल हा त्या छिद्राचा खर्च झाला, छिद्र नव्हे. आफ्रिकेतल्या जॉन टेलर या शिकाऱ्यानं हत्ती-म्हशींच्या अनुभवावरून वजन (ग्रेन), वेग (फूट/सेकंद) आणि व्यास (इंच) यांचा गुणाकार करून ७००० नं भागायचं सूत्र दिलं. त्यात .३०-०६ ला २१ आणि .३७५ ला ४१ गुण मिळतात. टेलर कवटीवर बसणाऱ्या, न फुलणाऱ्या गोळीविषयी बोलत होता. फुलणाऱ्या गोळीला आणि फुप्फुसाला तेच गुण लावणं मला पटत नाही. रकाना खोडला.

मग सेक्शनल डेन्सिटी, म्हणजे पौंडातलं वजन भागिले इंचातल्या व्यासाचा वर्ग. ६.५ ची १५६ ग्रेन : ०.३२०. .३०८ व्यासाची १८० ग्रेन : ०.२७१. ९.३ ची २८६ आणि .३७५ ची ३०० ग्रेन : दोन्ही ०.३०५. आकडा मोठा तितकी गोळी खोल जाते, असं सगळीकडे वाचायला मिळतं.

इथे थांबून एक हिशेब केला आणि संध्याकाळ त्यातच गेली. हा आकडा डब्यातल्या गोळीचा आहे. कातडीच्या आत गेल्यावर दोन-तीन इंचांत गोळी फुलते आणि तो आकडा तिथेच संपतो. .३०८ ची १८० ग्रेनची गोळी फुलून ०.६० इंचाची झाली आणि वजन ९५ टक्के टिकवलं, तर तिची सेक्शनल डेन्सिटी उरते ०.०६८. तीच गोळी साध्या बांधणीची असेल, खांद्याच्या हाडावर ४० टक्के वजन गमावून बसली असेल, तर ०.०४३. म्हणजे दुकानात एकाच वजनाच्या, एकाच व्यासाच्या दिसणाऱ्या दोन गोळ्यांमध्ये आतल्या प्रवासात दीडपटीहून जास्त फरक.

.३०-०६ आणि .३०८ मधला फरक त्याच गोळीला साधारण २५ मीटर/सेकंदाचा. आणि लोक त्यावर रात्री जागवतात.

क्रम उलटा करायचा ठरवलं. आधी गोळी, मग तिला लागणारा वेग, मग तो वेग देणारं आणि आम्हा दोघांना झेपणारं काडतूस.

५ फेब्रुवारी

गोळीच्या बांधणीचे चार प्रकार समोर मांडले.

साधी : शिशाचा गाभा, वर तांब्याचं पातळ आवरण. हरणाएवढ्या जनावराला उत्तम, स्वस्त, बहुतेक नळ्यांतून नीट जाते. मोठ्या हाडावर, जवळून, जास्त वेगात फुटते. शिवाय शिशाचे बारीक कण मांसात दूरवर पसरतात. एक्स-रे काढला की ठिपके दिसतात.

पार्टिशन : १९४६ मध्ये जॉन नॉस्लरच्या गोळ्या मूसच्या अंगात पुरेशा खोल गेल्या नाहीत, तेव्हा त्यानं गोळीच्या मधोमध तांब्याचा आडवा पडदा ठेवला. पुढचा भाग फुलतो, झिजतो. पडद्यामागचा भाग पुढे जात राहतो. कल्पना अजून जुनी झालेली नाही.

बाँडेड : गाभा आणि आवरण रासायनिक किंवा उष्णतेच्या प्रक्रियेनं एकमेकांना चिकटवलेले. वजन चांगलं टिकतं.

अखंड तांबं : शिसं नाहीच. बार्न्सनं १९८९ मध्ये आपली ‘एक्स’ गोळी आणली तिथून हा प्रकार रुळला. टोकाला पोकळी, ती उघडून चार पाकळ्या होतात, वजन जवळपास सगळं टिकतं. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून शिकारीला शिशाची गोळी चालतच नाही. शिसं मिसळलेली आतडी खाऊन काँडर गिधाडं मरत होती, हे त्यामागचं मोठं कारण. असे नियम पसरत जाणार. आज तांब्यावर हात बसवला तर पुढे पुन्हा शून्यापासून सुरुवात नको.

तांब्याचा एक हट्ट आहे. त्याला वेग हवा. जुन्या प्रकारच्या बऱ्याच गोळ्या ५५० मीटर/सेकंदालाही उघडतात. तांब्याची ६०० च्या खाली गेली की भरवसा कमी, पेन्सिलीएवढं भोक पाडून निघून जाऊ शकते. म्हणून तांब्यात एक पायरी हलकी गोळी घेऊन वेग वाढवायचा. १६५ ग्रेनची तांब्याची गोळी पूर्ण वजनानिशी ०.६० इंच फुलली तर सेक्शनल डेन्सिटी ०.०६५. १८० ची बाँडेड आणि ही यांत राईचा फरक.

१५ फेब्रुवारी

धक्का. सगळ्यांना एकाच ३.६ किलोच्या रायफलीत बसवून, गोळीचा आणि दारूच्या वायूंचा संवेग धरून मोजलं. जूलमध्ये, ढोबळ :

६.५×५५, १४० ग्रेन : १६-१७
.३०८, १८० ग्रेन : २३
.३०-०६, १८० ग्रेन : २७
.३०० विन मॅग, १८० ग्रेन : ३६
९.३×६२, २८६ ग्रेन : ४४
.३७५, ३०० ग्रेन : ६० (रायफल ४.१ किलोची धरली तर ५२)

कागद बाजूला ठेवून रेंजवर .३०० विन मॅग आणि ९.३ मागून घेऊन बघितल्या. चाचणी साधी : एकानं मॅगझिन भरायचं, मधेच एक पोकळ डमी काडतूस टाकायचं, दुसऱ्यानं न बघता झाडायचं. डमीवर ट्रिगर दाबला की नळी हलायला काहीच कारण नसतं. .३०० वर दोघांच्याही नळीचं टोक खाली बुडालं. ९.३ चा धक्का आकड्यानं मोठा, पण ढकलल्यासारखा येतो, ताईला तो .३०० पेक्षा बरा वाटला.

“.३०० ला आवाजच इतका आहे रे, की मी डोळे आधीच मिटते,” ती म्हणाली. “आणि तूही मिटतोस. तू फक्त वहीत लिहिणार नाहीस.”

लिहिलं. .३०० बाद, .३७५ न झाडताच बाद.

२८ फेब्रुवारी

उरली चार. ६.५×५५ वर ताईचा जीव आहे, आणि मूसपर्यंत तिचं म्हणणं मान्य. ९०० किलोच्या इलंडच्या खांद्यामागे तिरप्या कोनातून जायचं तर मला जाड गोळी हवी. ९.३ त्या कामाला सर्वांत योग्य, पण २५० मीटरच्या पुढे तिची गोळी झपाट्यानं खाली येते, आणि वर्षभर सराव करायला धक्का नको तेवढा.

.३०८ आणि .३०-०६ मध्ये जनावराला फरक कळणार नाही, हे मी वर लिहिलंच आहे. तरी .३०-०६ घेतोय. कारण तांब्याची गोळी. शिशाची घनता ११.३, तांब्याची ८.९६. त्याच वजनाची तांब्याची गोळी लांब होते, आणि मॅगझिनची लांबी ठरलेली असल्यानं ती केसच्या (पितळी पुंगळीच्या) आत घुसून दारूची जागा खाते. .३०८ ची ५१ मिमीची केस तिथे लवकर भरते; .३०-०६ च्या ६३ मिमीमध्ये जागा उरते. शिवाय ही काडतुसं जवळपास कुठेही मिळतात. प्रवासात सामान हरवलं तर हा मुद्दा बाकी सगळ्यांपेक्षा मोठा ठरतो.

१० मार्च

नळीच्या आट्यांचा (गोळीला फिरवणाऱ्या आतल्या पिळाच्या खाचांचा) प्रश्न. आमच्या नळीत दर १० इंचांत एक फेरा. तांब्याची लांब गोळी त्यात स्थिर राहील का?

ग्रीनहिलचं १८७९ चं सूत्र : १५० गुणिले व्यासाचा वर्ग भागिले लांबी. व्यास ०.३०८, लांबी १.३५ इंच धरली तर १०.५ इंच. हे शिशाच्या गाभ्याच्या गोळीसाठी. तांबं हलकं, म्हणून ०.९१ नं गुणायचं : ९.६. म्हणजे नळी किंचित कमी पडते? पण साधारण ८५० मीटर/सेकंदाच्या वर १५० ऐवजी १८० घेतात, मग उत्तर ११.५ येतं आणि नळी पुरून उरते. आमचा वेग नेमका त्या सीमेवर. तोफांच्या काळातलं सूत्र सीमेवर उत्तर देत नाही, तिथे कागदच उत्तर देतो : १०० मीटरवर भोकं गोल असली तर गोळी स्थिर, लांबट किंवा चावीच्या भोकासारखी असली तर डगमगती. गोळी बनवणारेही १६५ साठी दहा इंचांची नळी पुरेशी सांगतात.

२३ मार्च

लोडचं काम सुरू. दारूचं नेमकं वजन इथे लिहीत नाही आणि कुणी विचारलं तरी सांगणार नाही. ते या नळीचं, या केसचं, या डब्यातल्या दारूचं आहे. दुसऱ्या रायफलीत तेच धोक्याचं ठरू शकतं. गोळी बनवणाऱ्याच्या पुस्तकातला, त्याच गोळीसाठीचा तक्ता घ्यायचा आणि कमाल आकड्याच्या साधारण १० टक्के खालून सुरू करायचं. शिशाच्या १६५ ग्रेनचा तक्ता तांब्याच्या १६५ ला लावायचा नाही. लांब गोळी आत जागा घेते, तांबं आट्यांत जास्त घट्ट बसतं, दाब वेगळा येतो.

बाकावर दारूचा एकच डबा. दुसरा कपाटात, कुलपात. भरलेल्या केसेस एका रांगेत उभ्या, गोळी बसवण्याआधी बॅटरी मारून प्रत्येकीतली पातळी बघायची.

एकूण लांबी ८४.८ मिमीच्या आत, आणि गोळी आट्यांपासून साधारण १.३ मिमी मागे. तांब्याला हे अंतर मानवतं; आट्यांना टेकवून ठेवली तर दाब चढतो.

३० मार्च

दाबाच्या खुणांविषयी. प्रायमर (केसच्या बुडातली दारू पेटवणारी टिकली) चपटं होणं, केसच्या बुडावर इजेक्टरचा चकचकीत ठसा, बोल्ट जड उघडणं. सगळे यावर विसंबतात. .३०-०६ ची दाबाची मर्यादा ६०,००० पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) आहे आणि चांगल्या पितळेवर यातली बरीचशी लक्षणं त्याच्याही पुढे गेल्यावर उमटतात. ठसा दिसला तेव्हा उशीर झालेला असतो.

मला क्रोनोग्राफ (गोळीचा वेग मोजणारं यंत्र) जास्त प्रामाणिक वाटतो. पुस्तकात कमाल लोडला जो वेग दिलाय, तो नळीच्या लांबीचा फरक धरून आपल्याला त्याआधीच मिळाला, तर दाबही तिथे पोचलाय असं समजायचं आणि थांबायचं. फुकटचा वेग नसतो. नळीच्या दर इंचाला साधारण ८ मीटर/सेकंद असा माझा ठोकताळा.

६ एप्रिल

१६५ तांबं आणि १८० बाँडेड, दोन्ही १०० मीटरवर. तांब्याआधी नळी जुन्या आवरणाच्या थरापासून पूर्ण साफ केली. मिसळलेल्या थरावर तांब्याची गोळी विनाकारण विखुरते.

तीन गोळ्यांचा एखादा सुंदर गट पाहून लोड ठरवायचा मोह होतो. तीन गोळ्या योगायोगानंही शेजारी पडतात. एकाच केंद्रावर नेम धरून वेगवेगळ्या दिवशीचे गट पारदर्शक कागदावर एकमेकांवर ठेवले; जो ढीग दिसतो तो खरा. १८० किंचित जास्त घट्ट. तरी १६५ ला पसंती : भोकं गोल, वेग ८५० च्या आसपास स्थिर, धक्का एखाद-दोन जूल कमी, शिशाची कटकट नाही. ढिगातला फरक रेंजवरच्या बाकापुरता आहे. काठीवर टेकून झाडताना तो आमच्या हातांच्या थरथरीत हरवतो.

३०० मीटरवर या गोळीचा वेग ६५० च्या घरात उरतो. ६०० ची सीमा त्यापुढे आहे, म्हणजे सुरुवातीला घातलेली मर्यादा गोळीलाही मानवते. इलंडसाठी मात्र २०० मीटर आणि जनावर आडवं उभं असेल तरच. ताई म्हणते १५०. १५० लिहिलं.

२० एप्रिल

उन्हाची चाचणी. काही काडतुसं सावलीत, काही उन्हात ठेवलेल्या डब्यात. उन्हातली वेगानं निघाली, बोल्ट मात्र हलकाच उघडला. दारू तापली की दाब वाढतो. थंडीत कमाल आकड्यापर्यंत नेलेला लोड गरम देशात त्याच्याही वर जातो. आमचा लोड कमालीपासून एक पायरी खालीच ठेवला. चेंबर (नळीतली काडतूस बसायची जागा) गरम असताना काडतूस आत ठेवून गप्पा मारायच्या नाहीत, हेही इथेच.

४ मे

बाक सोडून सराव : बसून, गुडघ्यावर, तिकाटण्यावर. लक्ष्य २० सेंमीची पत्र्याची थाळी. मूसच्या छातीतली जागा याहून मोठी असते, पण जनावर थाळीसारखं सरळ उभं राहत नाही. जिथपर्यंत प्रत्येक गोळी थाळीवर लागते तिथपर्यंत त्या माणसाची हद्द. गुडघ्यावर ताईची हद्द माझ्यापेक्षा बरीच लांब आहे. तिकाटण्यावर जेमतेम सारखी.

नेम २०० मीटरवर शून्य केला. १०० वर गोळी चार-पाच सेंमी वर, ३०० वर साधारण वीतभर खाली. ४.५ मीटर/सेकंदाचा आडवा वारा असेल तर ३०० वर बाजूलाही जवळपास तेवढीच सरकते. गोळीची घसरण पाठ करता येते. वारा दर वेळी नव्यानं वाचावा लागतो, आणि ३०० मीटरवरच्या बहुतेक चुकलेल्या गोळ्या वाऱ्यात गेलेल्या असतात असं माझं मत आहे.

११ मे

उरलेली कामं. दारूचा एकाच लॉटचा पुरेसा साठा. संपूर्ण हंगामाची काडतुसं भरून झाली की प्रत्येक काडतूस रेंजवर, नळी मातीच्या भिंतीकडे धरून चेंबरमध्ये घालून बघायचं. जे जड जाईल ते सरावाच्या डब्यात. अंतर आणि घसरणीचा तक्ता दस्त्याच्या डाव्या बाजूला चिकटवायचा. ताई उजव्या बाजूला म्हणतेय. ती डाव्या खांद्यावरून झाडते, त्यामुळे दोन्हीकडे.